आतल्या कपड्यांचे कागद

वेशभूषेच्या कुठल्याही संग्रहालयात लग्नाचे झगे, दरबारी कोट आणि मेजवानीचे रेशमी पोशाख काचेआड मिरवत असतात. ज्यांच्या आधारावर हे सगळे उभे राहिले ते आतले कपडे त्या मानाने फारच थोडे उरले आहेत. कारण साधं आहे. आतला कपडा रोज अंगावर आणि रोज धुण्यात. विरला की त्याचं फडकं, आणि फडकं विरलं की केर. नातीसाठी ट्रंकेत जपून ठेवावं असं त्यात कुणाला काही वाटलं नाही. पण हे कपडे ज्यांवरून घरोघरी बेतले गेले ते कागद मात्र शिवणाच्या डब्यांत, माळ्यांवर, बंद पडलेल्या कापडदुकानांच्या खणांत पडून राहिले. युरोप-अमेरिकेतल्या या कागदांविषयी, म्हणजे अंतर्वस्त्रांच्या जुन्या पॅटर्नविषयी, हे पुस्तक आहे.

असा पॅटर्न ज्यांनी कधी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं वर्णन. वहीच्या पानाएवढं किंवा त्याहून लहान पाकीट. दर्शनी बाजूला स्लिप किंवा ब्रा घातलेल्या दोन-तीन स्त्रिया. पलीकडून कुणीतरी हाक मारल्यासारख्या भलतीकडेच बघत उभ्या. मागे मापांचा तक्ता, कापड किती वार, लेस किती, कुठलं कापड चालेल त्याची नावं. आत कांद्याच्या पापुद्र्यासारख्या टिश्यू कागदाचे तुकडे आणि शिवण्याच्या सूचनांचा एक ताव. १९३०च्या दशकात अमेरिकेत असं पाकीट १५ सेंटांनाही मिळे. आज त्यासाठी कित्येक डॉलर मोजले जातात, आणि कारखान्यातली घडी मोडलेली नसेल तर भाव आणखी चढतो.

मला हा भाव उलटा वाटतो. घडी न मोडलेला पॅटर्न म्हणजे कधी कपडा न झालेला कागद. वापरलेल्या पॅटर्नवर टाचण्यांची भोकं असतात, कंबरेशी पेन्सिलीने वाढवलेला अर्धा इंच असतो, उंची पुरेना म्हणून खाली चिकटवलेली वर्तमानपत्राची पट्टी असते. कंपनीने एक शरीर गृहीत धरलं होतं आणि शिवणारीचं शरीर दुसरंच होतं. त्या दोहोंतली तडजोड या खुणांत दिसते. या क्षेत्रात गोळा करणारे एकीकडे आणि शिवणारे दुसरीकडे अशी एक फूट पडली आहे. कागद समजून घ्यायचा तर तो कापडावर उतरवावाच लागतो, आणि डोळसपणे शिवायचं तर तो कागद कुठल्या काळातून, कुठल्या टंचाईतून आला हे ठाऊक असावं लागतं, अशी या पुस्तकाची भूमिका आहे.

कागदी पॅटर्नचा धंदा अमेरिकेत उभा राहिला. एलन कर्टिस डेमोरेस्ट या बाईंनी १८६०मध्ये ‘मिरर ऑफ फॅशन्स’ हे नियतकालिक काढलं आणि त्यातून पॅटर्न विकले. मॅसॅच्युसेट्समधल्या स्टर्लिंग गावचा शिंपी एबेनेझर बटरिक याने १८६३मध्ये त्यात एक निर्णायक भर घातली: एकाच कपड्याचे वेगवेगळ्या मापांचे पॅटर्न. आपल्या मापाचा कागद घ्यायचा आणि कापडावर ठेवून कापायचा. १८७०मध्ये जेम्स मॅकॉल या मूळच्या स्कॉटिश शिंप्याने न्यू यॉर्कमध्ये आपली कंपनी काढली. ‘व्होग’ने १८९९मध्ये पहिला पॅटर्न दिला, ‘सिम्प्लिसिटी’ १९२७मध्ये आली. इंग्लंडमध्ये वेल्डन्सची मासिकं होती. जर्मनीत आणि फ्रान्समध्ये एका मोठ्या तावावर दहाबारा कपड्यांच्या रेघा एकमेकींवर छापायची पद्धत रुजली. एने बुर्डा यांच्या १९५०मध्ये निघालेल्या मासिकाने ती घराघरांत नेली. रेल्वे यार्डाच्या नकाशासारख्या दिसणाऱ्या त्या तावावरून आपली एक रेघ शोधून काढणं हे कौशल्य वेगळंच आहे.

एकोणिसाव्या शतकातल्या पॅटर्नमध्ये आतल्या कपड्यांचे थर सापडतात. शेमीज, तिच्यावर कॉर्सेट, कॉर्सेटवर त्याचं आवरण, खाली ड्रॉवर्स, आणि त्यांवर एकाहून अधिक परकर. हे ड्रॉवर्स म्हणजे कंबरपट्टीला जोडलेले दोन सुटे पाय; मध्ये शिवण नाहीच. आज ते चमत्कारिक वाटतं, पण इतके थर बांधल्यावर दर वेळी ते सोडणं शक्यच नव्हतं. लंडनमध्ये १८८१मध्ये स्थापन झालेल्या रॅशनल ड्रेस सोसायटीने स्त्रीच्या आतल्या कपड्यांचं एकूण वजन सात पौंडांपेक्षा जास्त नसावं असा आग्रह धरला होता. सुधारकांची मर्यादाच सव्वातीन किलोंच्या आसपास होती, यावरून प्रत्यक्ष परिस्थितीचा अंदाज बांधावा.

या काळातलं बेतणं सोपं आहे. बहुतेक तुकडे आयताकृती, बाकीचं काम चुण्या आणि नाड्या करतात. सगळी मेहनत हातशिलाईत: केसाएवढ्या बारीक टक्स, दोन कापडांच्या मध्ये बसवलेली लेस, कडेचं भरतकाम. पाकिटामागच्या कापडांच्या यादीत कॅम्ब्रिक आणि लाँगक्लॉथच्या शेजारी नैनसुख भेटतं. हिंदुस्थानात विणलं जाणारं हे मऊसूत सुती कापड पुढे इंग्लंडच्या गिरण्या बनवू लागल्या, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांतही अमेरिकन बायका अंतर्वस्त्रांसाठी तेच मागत. आज आपल्याकडे ही शेमीज शिवायला कुठलंही परदेशी कापड शोधायला नको. चांगली मलमल पुरते.

कॉर्सेट मात्र बहुतेक दुकानातूनच यायचा. पोलादी पट्ट्या आणि धातूची छिद्रं घरच्या मशिनीला झेपणारी नव्हती. म्हणून मेरी फेल्प्स जेकब या न्यू यॉर्कच्या तरुणीची गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली जाते. दोन हातरुमाल आणि रिबीन जोडून तिने एक हलकी ब्रा केली, आणि ३ नोव्हेंबर १९१४ रोजी तिला तिचं पेटंट मिळालं. ते पुढे वॉर्नर या कॉर्सेट कंपनीने १५०० डॉलरना विकत घेतलं. ब्राचा ‘शोध’ तिने लावला असं म्हणणं अतिशयोक्तीचं आहे, कारण तिच्या आधीही अशी पेटंटं निघाली होती. पण आता आधाराचा कपडा नुसत्या कापडाचा, घरी शिवण्याजोगा झाला होता हे खरं.

१९२०च्या दशकात छाती सपाट दिसण्याची फॅशन आली आणि बँडो म्हणजे जवळजवळ एक सरळ पट्टी उरली. थर गळाले, शेमीज आणि चड्डी एकत्र येऊन एकच सुटसुटीत कपडा झाला. या पॅटर्नवर मी फार रेंगाळत नाही. नवशिक्यांना ते सोपे म्हणून आवडतात, पण आजच्या बहुतेक शरीरांवर ते पोत्यासारखे दिसतात. या दशकातली खरी मोलाची गोष्ट पाकिटात नाही, पोस्टाने येणाऱ्या धड्यांत आहे. पेनसिल्व्हेनियातल्या स्क्रँटन इथे मेरी ब्रुक्स पिकेन यांनी १९१६मध्ये बायकांसाठी पत्राद्वारे शिक्षण देणारी संस्था सुरू केली, आणि तिच्या पुस्तिकांत अंतर्वस्त्रांना स्वतंत्र जागा होती. कडा कशा मुडपाव्यात, लेस फाटू न देता कशी बसवावी, हे त्यांत इतक्या धीराने सांगितलं आहे की पाकिटातले त्रोटक ताव त्यापुढे उर्मट वाटतात.

मग तिशीचं दशक येतं, आणि या पुस्तकाचा सर्वांत मोठा भाग त्यालाच दिला आहे. पॅरिसच्या वेशरचनाकार मादलेन व्हियोने यांनी उरेब कापडाचं जे सामर्थ्य दाखवून दिलं ते आतल्या कपड्यांत उतरलं. विणलेलं कापड उभ्या-आडव्या धाग्यात ताणत नाही. ४५ अंशांत धरलं की ताणतं, अंगावर ओघळतं आणि पुन्हा जागेवर येतं. म्हणजे इलास्टिक नसतानाही कपडा अंगाबरोबर हलतो. १९३०च्या दशकातली स्लिप बटणाशिवाय डोक्यावरून घालता येते ती याच्यामुळेच. छातीखाली टोकदार शिवण, वरच्या तुकड्यांना थोड्या चुण्या, खाली उरेब पडणारा घेर: कागदावर हे तुकडे पतंगाच्या कापलेल्या फाळक्यांसारखे विचित्र दिसतात आणि कुठला कुठे जोडायचा हे प्रथम उमगतच नाही. रेशमाच्या ऐवजी स्वस्त रेयॉन आलं होतं, त्यामुळे ही चैन गिरणीतल्या आणि ऑफिसातल्या मुलींनाही परवडू लागली. १९३२मध्ये ‘व्होग’च्याच मालकांनी ‘हॉलिवूड पॅटर्न्स’ काढले. १५ सेंटांच्या पाकिटावर नटीचा फोटो, आणि आत वाटीभर नाही तरी चमचाभर तिचा थाट.

उरेब कापडाचे नियम मात्र कडक आहेत. कापताना ते टेबलावरून लोंबता कामा नये. शिवण सैल टाक्याने घालावी, नाहीतर ताण पडताच दोरा तुटतो. आणि तळाची कड मुडपण्याआधी कपडा निदान एक रात्र टांगून ठेवावा. घेर कुठे जास्त उतरतो ते पाहून मगच कड सरळ कापावी. जुन्या तावांवर यातलं पुष्कळसं लिहिलेलं नसतं, कारण शिवणारीला ते ठाऊकच असणार असं धरून चाललेलं असतं.

इतर कंपन्यांचे हात बांधून ठेवणारी एक तांत्रिक बाबही या दशकात आहे. मॅकॉलने १९२०च्या सुमारास तुकड्यांवर रेघा आणि मजकूर छापायला सुरुवात केली आणि त्याचं पेटंट राखलं. इतरांचे तुकडे कोरेच: गठ्ठ्याने कापलेले, आणि खुणा म्हणून पाडलेली लहान-मोठी भोकं. दोन मोठी भोकं म्हणजे उभ्या धाग्याची दिशा, लहान म्हणजे डार्ट किंवा चुण्यांची जागा, असं काहीसं. कंपनीगणिक संकेत बदलतो. पेटंट १९३८मध्ये संपलं, तरी ‘व्होग’ने छापील तुकडे द्यायला आणखी बरीच वर्षं घेतली. कोरा पॅटर्न पाहून नवखी माणसं घाबरतात. एकदा ताव शेजारी ठेवून प्रत्येक भोकाचा अर्थ लावला की तो छापील पॅटर्नपेक्षाही स्वच्छ वाचता येतो.

युद्धाने सगळंच बदललं. १९४२च्या सुरुवातीला मलाया आणि सिंगापूर जपानच्या हाती गेले आणि रबर मिळेनासं झालं. त्याचा माग पाकिटावर लागतो: चड्ड्यांच्या बाजूला पुन्हा बटणं आली. ब्रिटनमध्ये १ जून १९४१पासून कपड्यांचं रेशनिंग सुरू झालं, पहिल्या वर्षी माणशी ६६ कुपनं. ते १९४९पर्यंत चाललं. बनवून विकल्या जाणाऱ्या अंतर्वस्त्रांवर लेस आणि भरतकाम करायलाही तिथे बंदी आली. घरच्या सुईवर पहारा ठेवणं मात्र कुणाला शक्य नव्हतं. युद्ध संपल्यावर उरलेल्या पॅराशूटचं रेशीम आणि नायलॉन विक्रीला आलं, तेव्हा त्या लांबट त्रिकोणी फाळक्यांतून स्लिप आणि कॅमिनिकर्स (शेमीज-चड्डीचा एकसंध कपडा) कशा काढायच्या याची गणितं बायकांनी मांडली. कमीत कमी कापडात जास्तीत जास्त कपडा, या एका निकषावर चाळिशीतले पॅटर्न अव्वल आहेत. दिसायला रुक्ष, बेतायला अतिशय हुशार.

१२ फेब्रुवारी १९४७ला वेशरचनाकार दियोरने पॅरिसमध्ये बारीक कंबर आणि भरघोस घेर मांडला, आणि आतल्या कपड्यांना पुन्हा बांधणीचं काम लागलं. पन्नाशीतली ब्रा टोकदार कटोऱ्यांची, वर्तुळाकार टाके घातलेली. आपल्याकडच्या शिवणाऱ्या बायकांना ही ब्रा परकी वाटण्याचं कारण नाही. डार्ट न घेता गोलाई शिवणीतच मुरवायची ही तिची युक्ती कटोरी ब्लाउज बेतणाऱ्या प्रत्येकीच्या हातात आहे. फरक इतकाच की इथे चूक पाव इंचाची झाली तरी कपडा वाया जातो. शिवाय त्या काळचे ब्रा-पॅटर्न पुष्कळदा नुसत्या छातीच्या मापावर विकले जात, कटोरीचं माप वेगळं नसे. म्हणून आधी जुन्या सुती कापडाची चाचणी शिवल्याशिवाय साटीनला कात्री लावू नये.

‘ड्यूपाँट’च्या जोसेफ शिव्हर्स यांनी १९५८मध्ये ताणणारा धागा तयार केला आणि १९६२मध्ये तो लायक्रा म्हणून बाजारात उतरला. जे काम आजवर उरेब कापड, चुण्या, डार्ट आणि बटणं मिळून करत होती ते आता धाग्यानेच उचललं. पुढे नायलॉन ट्रिकॉट घरी शिवण्याची लाट आली, १९६७मध्ये केर्स्टिन मार्टेन्सन यांची ‘क्विक स्यू’ कंपनी तिच्यावरच उभी राहिली, पण ती वेगळी कला आहे आणि तिला वेगळं पुस्तक हवं. आम्ही १९६२पाशी थांबलो आहोत.

या विषयाचा अभ्यास करणाऱ्यांत काही ठळक परंपरा आहेत. एक प्रत्यक्ष कपड्यापासून मागे कागदाकडे जाणारी: नोरा वॉ यांचं १९५४चं ‘कॉर्सेट्स अँड क्रिनोलिन्स’ आणि जॅनेट आर्नल्ड यांचं काम हे तिचे पाये. संग्रहालयातला कपडा जवळजवळ टाक्याटाक्याने मोजायचा आणि त्याची आकृती काढायची. जिल सॅलेन यांनी २०११मध्ये हीच रीत जुन्या अंतर्वस्त्रांना लावली. दुसरी परंपरा पाकिटांचीच. ऱ्होड आयलंड विद्यापीठातला व्यापारी पॅटर्नचा संग्रह आणि त्याच्याशी आयुष्यभर जोडलेल्या जॉय स्पॅनाबेल एमरी यांचं २०१४चं पॅटर्न-उद्योगाच्या इतिहासाचं पुस्तक यांच्याशिवाय कुणाला कागदाचं साल ठरवता येणार नाही. पाकिटावर साल बहुधा नसतंच. मग किंमत, चिन्ह, क्रमांक, केशरचना पाहायची. अमेरिकन पत्त्यात झिप कोड असेल तर पाकीट १९६३च्या आधीचं नाही. मापांवरूनही कळतं. चाळिशीत ३४ इंच छातीला १६ नंबर म्हणत, १९६८पासून तीच छाती १२ नंबरची झाली. शरीर तेच, नंबर उतरला. आपला आजचा नंबर पाहून जुना पॅटर्न मागवणाऱ्यांची फसगत इथेच होते.

तिसरी परंपरा पाकीट न वापरणाऱ्यांची. इंग्लंडची हॅस्लम पद्धत, जर्मनीतली लुटरलोह पद्धत: लहान आकृतीवरून आपल्या मापाने मोठा कागद स्वतः काढायचा. आणि इथे मराठी वाचकाची बाजू अचानक भक्कम होते. आपल्याकडे छापील पाकिटांचा बाजार कधी फार वाढला नाही. आपल्या शिवणक्लासांत खाकी कागदावर छाती, मुंढा, सीट यांच्या मापांवरून ड्राफ्टिंग शिकवलं गेलं. झारापकर पद्धतीच्या पुस्तकांवर पिढ्या तयार झाल्या. अमेरिकेतल्या शिवणारीला एका नंबरचा पॅटर्न दुसऱ्या नंबरात नेणं हे संकट वाटतं. छातीचा चौथा भाग अधिक सैलपणा हे ज्या हाताला पाठ आहे त्याला ते दुपारचं काम आहे. एवढंच की क्लासाची वाट झबलं, परकर, ब्लाउज अशी जाते आणि ब्लाउजच्या आत काय असतं याविषयी गप्प बसते. ती मोकळी जागा भरून काढावी ही या पुस्तकामागची एक उघड इच्छा आहे.

दुसरा फायदा मशिनीचा. नागमोडी (झिगझॅग) टाका घालणाऱ्या घरगुती मशिनी पाश्चात्त्य घरांत सर्रास आल्या त्या पन्नाशीच्या दशकात. त्याआधीचे पॅटर्न सरळ टाक्यासाठीच बेतलेले आहेत. म्हणून तर त्यांत सगळीकडे फ्रेंच शिलाई, जिच्यात कापडाची कच्ची कड आतल्या आत बंद होते. घरातली जुनी पायमशीन, ९ नंबरची सुई आणि बारीक दोरा एवढ्यावर १९३५ची स्लिप जशीच्या तशी शिवता येते. महागडी ओव्हरलॉक मशीन हवीच असा जो समज झाला आहे तो लायक्राच्या कपड्यांमुळे.

आज हे का करायचं? नाटक-सिनेमाच्या वेशभूषाकारांना याचं उत्तर माहीत आहे: १९३८चा झगा आजच्या ब्रावर घातला की तो १९३८चा दिसत नाही. फॅशनच्या विद्यार्थ्यांसाठी उरेब कापडाची याहून चांगली शाळा नाही. आणि ज्यांना दुकानातलं कुठलंच माप नीट बसत नाही, ज्यांना उकाड्यात कृत्रिम कापड आणि घट्ट इलास्टिक सोसत नाही, अशा बायकांसाठी हा निव्वळ सोयीचा प्रश्न आहे. मलमलीची सैल, नाडीची शेमीज मे महिन्यात घालून पाहावी. जुन्या कंपन्यांची स्थिती हेही एक कारण: बटरिक, मॅकॉल, व्होग आणि सिम्प्लिसिटी ही एकेकाळची चार प्रतिस्पर्धी नावं २०१७मध्ये एकाच मालकीखाली आली. ज्या कागदांची कुणी नीट नोंद ठेवली नाही ते आता व्यक्तींच्याच हाती आहेत.

जुन्या काळाचे गोडवे इथे सापडणार नाहीत. त्या काळच्या कंपन्यांनी शरीराविषयी अनेक अन्यायी कल्पना पाकिटावर रंगवून विकल्या, आणि ‘सडपातळ’ हा शब्द जाहिरातीत वापरायचा त्यांचा सोस हास्यास्पद होता. पॅटर्न कापून-जोडून बदलण्यात काहीही पाप नाही, असं आम्ही धरलं आहे. फक्त मूळ टिश्यूवर कात्री चालवू नये. आधी उतरवून घ्यावा, मग हवं ते करावं. कोकण-मुंबईच्या दमट हवेत या कागदांना कसर लागते आणि सेलोटेपचे डाग कधीच जात नाहीत. चुरगळलेला ताव कोरड्या, अगदी मंद इस्त्रीने सपाट होतो.

पुस्तकातल्या आकृत्या सेंटिमीटरमध्ये दिल्या आहेत, शिवणीसाठीचं कापड धरलेलं नाही, आणि प्रत्येक ठिकाणी मूळ पॅटर्नमधला सैलपणा वेगळा सांगितला आहे, म्हणजे आपल्या ड्राफ्टिंगशी ताडून पाहता येईल. क्रम काळाचा आहे, पण शिवायला तसंच चाललं पाहिजे असं नाही. ब्रापासून सुरुवात करायचा मोह होईल; तो टाळावा. आधी तिशीतली टॅप पँट घ्यावी. तिला वर एक योक आहे, दोन रुंद उरेब पाय आणि डाव्या बाजूला दोन बटणं. चूक झाली तर कापड थोडंच जातं, आणि उरेब कड रात्रभरात किती उतरते ते सकाळी टेपने मोजता येतं.